पंचावन्न दिवस

गेबेयेहू गुरुवारी परतला, जिबूतीच्या बंदरावरून,
ट्रकच्या टपावर लाल धूळ, डोळ्यांत तीच.
मी त्याच्या पायांवर कोमट पाणी ओतलं,
टाच घासली, आणि हात आवरता घेतला.
उपास सुटायला अजून तीन रात्री होत्या.

आमच्या डोंगरात उपास नुसता पोटाचा नसतो.
दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही,
आणि नवऱ्याच्या अंथरुणात बायको नाही.
पंचावन्न दिवस.
लग्नाच्या पहिल्या वर्षी बोटांवर मोजायचे मी,
बोटं पुरायची नाहीत.
सासू म्हणायची, "मोजू नकोस गं, कांदे चिर."

त्या रात्री तो मातीच्या ओट्यावर, मी खाटेवर,
मध्ये शेळीचं पिल्लू, थंडी म्हणून आत घेतलेलं.
दिवा विझल्यावर तो बोलला.
महत्त्वाचं तो अंधारातच बोलतो.

"गलाफीला, सीमेवर, चार दिवस ट्रक अडकलेले.
पत्र्याच्या खानावळीत कॉफी देणारी एक बाई.
तिने काही विचारलं नाही. दार नुसतं लोटून ठेवलं.
मी उठलो. पाच पावलं गेलो. मोजली मी."

पिल्लू कुठेतरी खूर आपटत होतं.
मग काय, असं मी विचारलं नाही.
पाच पावलं ज्याला आठवतात
त्याला सहावं सांगायला वेळ लागतो.

"मग ट्रकमध्येच येऊन झोपलो. काचा वर करून, उकाड्यात.
पुण्याई नाही यात माझी, येशी.
त्या डिझेलच्या घमघमाटात एकदम
तुझ्या केसांतल्या लोण्याचा वास आला."

राग आला. हो, आला.
त्या पाचही पावलांचा वेगवेगळा आला.
मग गिरणी आठवली मला,
पिठाने कोपरापर्यंत पांढरे झालेले अस्नाकेचे हात,
आणि मागच्या मंगळवारी
दळण नसतानाही मी कशी त्या वाटेने गेले ते.
तेही सांगून टाकलं. अंधार होताच.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "पीठ तरी बारीक दळतो का?"
उशीत तोंड खुपसून हसले मी. रडलेही असेन.

शुक्रवारी देवळात दिवसभर दंडवत.
गुडघे टेकायचे, कपाळ दगडाला, पुन्हा उठायचं.
तीनशेनंतर मोजणं सोडलं.
पुरुषांच्या त्या सगळ्या गर्दीतून
त्याच्या डाव्या गुडघ्याचा कट्ट आवाज मला ओळखू आला.
चोवीस वर्षांत तो गुडघा माझा झालाय,
माझी पाठ त्याची.
लग्नात आमच्या डोक्यांवर मुकुट ठेवले होते,
मला वाटलं, राणी झाले.
मुकुट संध्याकाळीच परत गेले, पुढच्या जोडप्यासाठी.
देह दिले होते, ते कुणी परत मागितले नाहीत.

शनिवारी हिरवं लव्हाळं वाटलं.
त्याने माझ्या कपाळाला बांधलं, मी त्याच्या.
गाठ मारताना बोटं लागली. तेवढंच.
पायाच्या करंगळीपर्यंत गेलं.

मध्यरात्री मेणबत्त्या, ढोल, पांढऱ्या वस्त्रांचा पूर,
उठला आहे तो, उठला आहे!
आम्ही दोघांनी ख्रिस्तशरीर घेतलं.
घरी आल्यावर आधी जवसाचं पाणी, मग कोंबडीचा रस्सा,
पहिला घास त्याने भरवला,
आणि घास तोंडात तसाच धरून मी हसत सुटले.
ख्रिस्तशरीर घेतलंय, म्हणजे आजचा दिवसही नाही!
"पंचावन्न आणि एक," तो म्हणाला,
आणि घोंगडी उचलून ओट्याकडे गेला.

सोमवारी अंधार पडताना
मी पिल्लू बाहेर बांधलं.
दार नुसतं लोटलं नाही, कडी घातली.
दारापासून खाटेपर्यंत पाच पावलं आहेत आमच्या घरात,
मलाही त्या दिवशीच कळलं.
वाकून दिव्यावर फुंकर घालणार,
तर तो म्हणाला, "राहू दे."