मागचं दार

तुर्भे, मसाला मार्केट, गाळा एफ-सतरा.
कीबोर्डच्या फटीत हळद,
पंख्याने ओढलेली मिरचीपूड.
इथे डबा उघडला की आधी शिंकायचं, मग बोलायचं.

जिग्नेशशेठ म्हणाले, वॉचमन सांगतो,
शटर पडल्यावरही आतला हिरवा दिवा लुकलुकतो.
कोणाशी बोलतो हा रात्रीचा?

मी आधी इंटरनेटची वायर उपटली.
मग चालू कामांची यादी.
एक नाव विंडोजचंच वाटावं असं,
फक्त ओच्या जागी शून्य.
मारलं.
दोन सेकंदांत परत उभं.
त्याला उठवणारा वेगळाच,
वेळापत्रकात दडलेला, रोज रात्री दोन चाळीस.

पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, शोध लावला.
चहा आला. वेलची मोजून नाही टाकत इथे.

तारीख सापडली: दोन वर्षांपूर्वीचा चौदा जून.
हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फुकट प्रत.
कुंदाताईंना कुणीतरी सांगितलेलं,
पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर बसणार नाही.
कुणीतरी म्हणजे मी.
तीनशे रुपये घेतले होते.

नुसत्या पुसण्यावर भरवसा नाही ठेवला.
खातेवह्यांच्या फायली तेवढ्या काढल्या, तपासल्या,
डिस्क कोरी केली.
कुंदाताई फोनवर बँकेचा पासवर्ड बदलत होत्या,
ओठ हलवत,
या वेळी मुलाचं नाव सोडून.

शेठ म्हणाले, चोर आला कुठून?
मागच्या दारातून.
दार कुणी पाडलं, ते त्यांनी विचारलं नाही.

बिलबुक उघडलं.
आकडा लिहिणार, तेवढ्यात
शिंक आली.