हिरवा टॅग

रुवैसपासून अबू धाबी दोनशे चाळीस किलोमीटर.
मुबीन परकारची जुनी गाडी. गाडीचा एसी आणि मुबीन
एकाच पट्टीत कुरकुरतात.
तिकीट तीनशे पंच्याण्णव दिरहम,
दापोलीला फोनवर त्यानं पंच्याण्णव सांगितलं,
तीनशे गिळले.
मागे पास्कोल तुस्कानो, शर्टाला कडक इस्त्री,
वसईत कुणाचं लग्न असावं तसा,
उजव्या खिडकीला टेकून,
म्हणजे चालता कान आमच्याकडे.

बंद कान कॉम्प्रेसर हाउसनं नेला,
एकवीस वर्षं, हप्त्याहप्त्यानं.
त्याआधी हा माणूस बेस गिटार वाजवायचा,
सणाच्या रात्री, चर्चमागच्या मैदानात,
भाड्याच्या अँप्लिफायरवर.
हे आम्हाला तो सांगत नाही.
त्याची बोटं सांगतात, जेवणाच्या डब्यावर.

मैदानात पन्नास देशांचे लोक, एकाच काळ्या टी-शर्टात.
मी मात्र वर बघतो.
परांच्या तपासणं हे माझं काम,
ठीक असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल.
स्टेजचा सांगाडा, कपलर, तिरपे टेकू, पायाखालच्या फळ्या...
मुबीन म्हणाला, "अरे, खाली बघ की जरा,
माणसं वाजवतायत."

चार म्हातारे. चौघांचे मिळून केस एका माणसापुरते.
पहिलाच ठोका छातीच्या पिंजऱ्यात पडला,
आणि कामावर ज्या आवाजाला आम्ही पळत सुटतो
त्या आवाजाकडे आम्ही धावलो.
पास्कोलनं कठड्याचा लोखंडी पाइप धरला,
दोन्ही हातांनी, डोळे मिटून.
त्याला वाटलं, कुणाचं लक्ष नाही.

पाचव्या गाण्यात शमाल उठला.
आधी दातांत वाळू, मग पडदे फुगले,
मग टांगलेले स्पीकर जरासे, अगदी जरासे, हलले.
मी म्हटलं, थांबवतील.
थांबवलं.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाटल्या आपटल्या.
मी टाळी वाजवली. एकट्यानं.
तिकडे कुणीतरी माझ्यासारखा माणूस होता,
हातात वाऱ्याचा मीटर धरून शिव्या खाणारा.

मग नुसतं बसणं. तीन शवर्मा, एक करक चहा तिघांत,
वाळूची चव सगळ्याला.
पास्कोलनं काही न बोलता
मुबीनच्या पाठीवर बोटं ठेवली,
अंगठा मणक्यावर, दोन बोटं फासळ्यांवर,
आणि वाजवायला लागला.
मुबीन आधी हसला. "गुदगुल्या होतायत, सोड."
मग गप्प झाला.
मग मान तिरकी करून, गिऱ्हाइकाचा पत्ता ऐकावा तशी,
म्हणाला, "हे मघाचं दुसरं गाणं."
"तिसरं," पास्कोल म्हणाला. "दुसऱ्यात मी चुकलो असतो."

शेजारची एक फिलिपिनो पोरगी बघत होती.
तिनं स्वतःची पाठ पुढे केली नाही,
पण चहाच्या रिकाम्या कपावर ताल धरला,
आणि तिच्यामागच्या सुदानी काकांनी
गुडघ्यावर.
एवढंच. गर्दी वगैरे काही गायली नाही.

वारा पडला नाही. साडेअकराला माइकवरून माफी आली,
पैसे परत मिळतील म्हणाले, दोन आठवड्यांत.
मुबीनच्या चेहऱ्यावर तीनशे उगवले
आणि मग कसलीशी लाज.

परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही.
मिरफाच्या पुढे कधीतरी मागून आवाज आला,
"अरे, डावा कान शिट्टी मारतोय."
मी म्हटलं, "इअरप्लग घालायचे होतेस."
"मारू दे," तो म्हणाला. "उजवा मारायचा बंद झाला,
तेव्हा मला चार महिन्यांनी कळलं होतं."

सकाळी सहाला तीन नंबर युनिटची परांची.
ओलसर पाइप, रात्रीची वाळू प्रत्येक सांध्यात.
एका कपलरला हात लावला
आणि उगाचच जरा वेळ तसाच धरून ठेवला.
पलीकडच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता.
फोरमन विचारत होता, टॅग कुठला?