शेरा

कातळवाडीच्या सड्यावर मे महिन्यात
अकरानंतर फायरिंग ठेवू नये,
हे मी तीन साहेबांना सांगून पाहिलं.
पहिल्यांनी डायरीत टिपलं, दुसऱ्यांनी चहा मागवला,
तिसऱ्यांनी विचारलं,
पाष्टे, तुम्ही आर्मरर की हवामान खातं?

जांभा तापला की आधी तळपायांना कळतं,
मग कोपरांना.
पालथं पडून नेम धरणाऱ्या पोरी
कोपराखाली गोणपाट मागतात
आणि गोणपाटही तापलेलंच असतं.
खाली खाडीवर वारा असतो. दिसतो.
सड्यावर चढेस्तोवर दमतो.

रायफल काही मागत नाही.
चौथ्या पोरीच्या हातात जाते तेव्हा
तिच्यातून तीस गोळ्या गेलेल्या असतात.
नळीवर तळहात टेकवून दाखवा,
पैज लावतो.
लोखंड फुगतं ते केसाहून कमी,
पण सत्तेचाळीस नंबरचं लाकूड
दमट खोलीत राहून डावीकडून सुजलेलं.
थंड असताना दोघांचं जमतं.
तापली की लाकूड नळीला ढोसत राहतं,
आणि केसाएवढ्या ढोसण्याची
शंभर मीटरवर वीत होते.
वर पुन्हा नळीवरून उठणारी ती लहर.
माशी जागेवर, डोळा जागेवर,
आणि टार्गेट ओहोटीच्या डबक्यातल्या
खडकासारखं हलतंय.

थंड नळी तरी खरं बोलते म्हणता?
पहिली गोळी तेलावर घसरते.
तिसरीपासून आठवी-नववीपर्यंत, तेवढाच काय तो भरवसा.
पुढे थांबायचं. बोल्ट उघडा ठेवून
सावलीत आडवी करायची,
वीस मिनिटं तिच्याकडे बघायचं नाही.
त्या दिवशी वीस मिनिटं कुणाकडे नव्हती.
साहेबांना दापोलीत जेवण होतं.

प्रणिता चोगले. एनसीसी, दुसरं वर्ष.
राज्याच्या शिबिराला एकच मुलगी जायची होती.
श्वास अर्धा सोडून ती घोडा दाबायची,
कुणी न शिकवता.
होडीवर वाढलेल्यांना ते येतं बहुतेक,
हलत्या फळीवर स्थिर राहणं.

टार्गेट आणलं. पाच भोकं, चार वर्तुळाबाहेर.
पण कशी!
एकामागे एक, उजवीकडे चढत गेलेली,
गुळाच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग.
हात कापला तर गोळ्या विखुरतात.
रांगेत चालते ती फक्त तापलेली नळी.
हे मला त्याच क्षणी दिसलं.
साहेब म्हणाले, लिहा पाष्टे, शेरा : हात अस्थिर.
मी लिहिलं.
अक्षर माझं चांगलं आहे.

रात्री माझ्या वहीत, त्याच पेनाने :
रायफल ४७. तिसाव्या गोळीनंतर उजवीकडे, वर.
लाकूड टेकतं.
मग कंदिलाएवढ्या दिव्याखाली ते तासलं,
पॉलिश पेपरने घासलं,
कागदाची पट्टी नळीखालून अलगद सरकेपर्यंत.
तेव्हापासून सत्तेचाळीस नंबर चांगली मारते.
त्या शेऱ्याला मात्र पॉलिश पेपर नसतो.

याला नऊ वर्षं झाली.
परवा हर्णैला गेलो होतो.
लिलाव उरकत आलेला, वाळूवर बर्फाचे तुकडे,
आणि छत्रीखाली ती सुरमई कापत होती.
मी ओळखलं ते मनगटावरून.
सुरी टेकवायची, श्वास अर्धा सोडायची,
दाबायची.
एकेक तुकडी बोटभर. अकरा तुकड्या.
मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या.
कुठलीही पट्टी लावली असती
तरी उजेड दिसला नसता मधून.

काका, डोकं देऊ का सोबत, तिने विचारलं.
हो म्हटलं.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
खिशात वही होती. वाटलं, ते पान फाडून
पैशांच्या जागी ठेवावं.
पैसेच दिले.
म्हटलं, बर्फ घाल गं जरा जास्त.
उन्हाचं लांब जायचंय.