पोटखराबा

हुलग्याला डोंगर म्हटलं की
साताऱ्याकडचे पाहुणे हसतात.
एवढासा? म्हशीची पाठ बरी.
हसू दे.
सपाटीवर वाढलेल्या माणसाला
शंभर हात उंचीसुद्धा पुरते.

माझा कॅमेरा लग्नांचा.
हळद, अक्षता, बिथरलेला घोडा,
आणि नवरीच्या मामाचं दर वेळचं,
'सगळ्यांचा मिळून एक काढ की बे!'
पौषात मुहूर्त नसतात.
तेव्हा पहाटे फटफटी काढायची,
मार्डीच्या पुढं कच्ची वाट धरायची,
डिकीत भाकरी, शेंगाची चटणी, लांब लेन्स.

पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही.
म्हाळप्पा मेंढरं वळवत म्हणाला,
तू लई उभा राहतोस.
आधी बस. मग आडवा हो.
मग कशाला आलास ते विसर.

आडवा झालो.
कुसळं शर्टातून आत शिरली
आणि गवताच्या उंचीवरून पाहिलं तर
हुलग्या खरंच डोंगर होता.
धाविकाची जोडी चार पावलं पळायची, थबकायची,
जशी काहीतरी विसरलेली बाई
अर्ध्या जिन्यात थबकते.
खोकडाचे आधी कान, मग खोकड.
कुठल्या बर्फाच्या मुलखातून आलेले भोवते
संध्याकाळी आमच्या कुसळीत उतरायचे,
स्वतःचं अंथरूण असल्यासारखे.

आई विड्या वळता वळता फोटो बघायची,
पानावरची कात्री थांबवून.
छान आलाय, असं कधी म्हणाली नाही.
लांडग्याकडे बघून म्हणाली,
ह्याचं पोट खपाटीला गेलंय.

मग मी चूक केली.
बिळाच्या तोंडाशी तीन पिल्लं, तिरपं ऊन,
असा फोटो जन्मात एकदा मिळतो.
दुकानाच्या काचेवर लावला, दोन बाय तीन फूट,
खाली ठिकाण लिहिलं. वाटेसकट.
पंधरा दिवसांत हुलग्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या,
वेफर्सची पाकिटं,
बिळात कुणीतरी घातलेली काठी,
तशीच.

म्हाळप्पा काही बोलला नाही.
रोज जिथं थांबायचा
तिथं न थांबता मेंढरं घेऊन गेला.
लांडगीनं पिल्लं हलवली.
कुठं, ते मला माहीत नाही.
माहीत नाही हेच बरं.

त्यानंतर कुठल्याच फोटोखाली
मी गावाचं नाव लिहिलं नाही.

दोन वर्षांनी खडीवाले आले, उगवतीकडून.
तहसीलला सुनावणी लागली.
साहेबांनी सातबारा पुढं सरकवला :
हे बघा, पोटखराबा. इथं काही पिकत नाही.
मी टेबलावर चौदा हिवाळे मांडले.
चंडोल, काळवीट, रातव्याची दोन अंडी
खड्यांत खड्यासारखी.
साहेबांनी चष्मा पुसला, एकेक उचलून पाहिला.
सुंदर आहेत, म्हणाले.
पण हे तिथलेच, कशावरून?
खाली ठिकाण कुठं लिहिलंय?

माझ्या तोंडाला कोरड पडली.

दाराशी चपला काढून म्हाळप्पा आत आला.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
मीही नाही, माझी हिंमत नव्हती.
टेबलावर वाकून त्यानं बोट ठेवलं,
पाखरावर नाही, मागच्या धोंड्यावर.
ह्याला माझ्या आज्यानं शेंदूर लावलाय.
हिथं काळी मेंढी व्याली, दुष्काळाच्या साली.
ही बोर अर्धी जळाली ती माझ्याच चुलीनं, लिहून घ्या.
एकेक फोटो घेत गेला.
मी ज्याला बॅकग्राउंड म्हणायचो
ते सगळं त्याला नावानिशी पाठ होतं.

निकाल लागलेला नाही.
मशीन थांबलंय, तिथंच उभं आहे.

परवा पहिल्यांदा उगवतीची बाजू काढली,
खरवडलेली, पांढरीफटक.
पाखरू नाही, ऊनही चांगलं नव्हतं.
आईनं कात्री खाली ठेवली.
बराच वेळ बघून म्हणाली,
ह्याचंबी पोट खपाटीला गेलंय रे.

सोमवारी पुढची तारीख.
मंगळवारी अक्कलकोट रोडला साखरपुडा,
बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्यात.