आठव्या खेपेला

ग्युम्रीतल्या तळघरात, शेगडीपासून चार पावलांवर,
मेरुझानने माझ्या हातात दिले
दोन किलोचे डंबेल. गुलाबी.
"मावशी, झेपेल तेवढंच हं."

वर. खाली. वर. खाली.
पंधरा झाले तरी मी शेजारच्या अर्पेनिकला सांगतेच आहे
की तिच्या सुनेने यंदा जर्दाळूच्या मुरंब्यात
साखरेचा हात आखडता घेतला,
आणि हे हातातलं जे काय आहे ते
मुकाट वरखाली होतंय,
पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखं.

"झेपलं की!" मेरुझान खूश.

अरे, झेपणारच.
चौतीस वर्षं मी तोनिर भट्टीच्या तोंडाशी ओणवी,
पन्नास किलोच्या पिठाच्या गोणीला
माझी कंबर पाठ होती.
आणि अठ्ठ्याऐंशीच्या त्या डिसेंबरात
मी आणि एका अनोळखी माणसाने
चौकटीसकट जो दरवाजा उचलला
त्याच्यावर कुठे किलो लिहिले होते?
त्याखाली कोण होतं, ते मी इथे सांगत नाही.

पण ते तेव्हा.
आता डॉक्टरबाई हाडांचा फोटो उजेडाला धरतात
आणि म्हणतात, शोघिक, ही वाळल्या लवाशसारखी झालीत,
फक्त पाणी शिंपडून मऊ व्हायचा लवाश निराळा.
हाडाला भार लागतो.
त्याला कळावं लागतं
की अजून आपल्याकडे कुणाचं काही काम आहे.

म्हणून मी उठले, मांडणीपाशी गेले.
चार किलो हातात घेतला, ठेवला.
सहाशी थोडा वेळ बोलले.
तळाशी आठचा होता, काळा, रंगाचे पोपडे गेलेला,
अंगावर जुनी रशियन अक्षरं,
उचलताना तो आधी जमिनीकडेच बघत राहिला.

पहिले तीन ठीक.
पाचव्याला सुनेचा विषय मागे पडला.
सहाव्याला तिचं नाव आठवेना.
सातवा इतका सावकाश
की शेगडीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.
आठव्या खेपेला कोपर अर्ध्यात थांबलं
आणि तिथे, त्या अर्ध्यात,
पुढे काय होणार
ते मला खरंच माहीत नव्हतं.

एकसष्टाव्या वर्षी!
सगळं माहीत असतं या वयात,
कोण कधी येणार, कुठला गुडघा कधी दुखणार,
नवरा जेवताना काय बोलणार.

हात थरथरला. गेला वर.
नववा गेला नाही.

मेरुझान धावत आला, "जड होतंय तुम्हाला हे."
"होतंय," म्हटलं, "वहीत लिही.
आणि ते गुलाबी उचलून ठेव,
कागद उडतात तुझ्या टेबलावरचे."

रात्री मुरंब्याच्या बरणीचं झाकण काही निघेना,
बोटं नुसती लटपटत होती.
"हीच का कमावलेली ताकद?" गार्निक म्हणाला.
मी बरणी त्याच्यापुढे सरकवली.

त्यालाही निघेना.