आधी पत्ता

काय झालं, हे आधी विचारायचं नाही.
आधी विचारायचं, कुठून बोलताय?
नाईकवाडी मॅडमनी पहिल्याच रात्री हे
माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलं
आणि खाली दोन रेघा मारल्या,
शाळेत मारतात तशा.

काय झालं ते माणूस सांगतोच.
पण सांगता सांगता फोन तुटला तर?
नुसतं रडणं घेऊन
गाडी कुठे पाठवणार?

मी भोकरदनची. मला मुंबई अजून येत नाही,
एखाद्याला भागाकार येत नाही तशी.
पडद्यावर नकाशा, नकाशावर निळं वर्तुळ,
त्या वर्तुळात अख्खा कामाठीपुरा मावतो, सगळ्या जिन्यांसकट.
कुठल्या जिन्यावर कोण ओरडतंय
ते वर्तुळाला माहीत नसतं.

आणि लोक पत्ता सांगतात तो असा:
आधी थिएटर होतं बघा, त्याच्या मागे.
तोडलेल्या चिंचेपाशी.
इराण्याचं हॉटेल होतं, आता बँक आहे, नाही, बँकही गेली.
अर्धं शहर, जे उरलं नाही त्याच्या शेजारी राहतं.
मॅडमना ते सगळं पाठ.
बावीस वर्षं या बिनखिडकीच्या खोलीत.
म्हणतात, यातल्या निम्म्या जागा
मी पाहिलेल्याच नाहीत गं.

पावणेतीनला एक आजोबा रोज विचारतात, वाजले किती?
मी सांगते. ते म्हणतात, बरं. म्हणजे चालू आहे अजून.
नोंद करायची: विनाकारण कॉल.
'विना'पर्यंत हात नीट चालतो.

मंगळवारी एक मुलगा होता.
कुजबुजत होता. मागे भांडं पडलं,
मग एका बाईचा आवाज,
मग तो आवाज नाही.
कुठून बोलतोयस बाळा?
घरातून.
घर कुठे आहे?
आम्ही परवाच आलोय इथे.

लाल रेघांची वही तिथे संपली.
मॅडमनी दुसरा हेडफोन कानाला धरला
आणि स्वतःच्या नाकाला बोट लावलं.
मला कळेना. मग कळलं.
वास कसला येतो रे तुझ्याकडे?
थोडा वेळ नुसता श्वास.
पावाचा. गरम. आणि सुक्या मासळीचा.
खिडकीतून काय दिसतं?
टाकी. तिच्यावर सात लिहिलंय.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
त्यांनी स्केचपेननं थेट काचेवर
शिवडीत एक टिंब ठेवलं.
ते अजून कुणी पुसलेलं नाही.

मी गाडीला सांगितलं. आवाज माझाच,
पण कुणीतरी मोठं माणूस बोलत होतं.
मुलाला म्हटलं, बोलू नकोस, ठेवूही नकोस,
नुसता धरून ठेव.
सात मिनिटं मी त्याचा श्वास ऐकला.
मग दार. मग बूट.
मग 'पोचलो, कंट्रोल.'
मग काहीच नाही.

पुढचं इथे कळत नाही.
नोंद बंद होते, दुसरा दिवा लागतो,
बोरिवलीत कुणाची तरी स्कूटर गेलेली असते.
मी विचारलं, मॅडम, ती बाई?
मॅडम म्हणाल्या, चहा घे.
साखर त्यांनीच घातली. जरा जास्त.

सकाळी सुटल्यावर शिवडीला गेले.
कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.
बेकरी होती. दोरीवर बोंबील होते.
टाकीवरचा सात उन्हात पार फिका.
खिडक्या मोजायला लागले,
एकोणिसाव्या खिडकीत कुणीतरी परकर झटकला,
तेव्हा मान खाली घातली.

चार पाव घेतले.
बेकरीवाला म्हणाला, नवीन वाटता. राहायला कुठे?
खोलीचा नंबर मला येतो, गल्लीचं नावही येतं.
पण तोंडातून निघालं,
ती जुनी गिरण होती ना पिठाची, तिच्या मागे.

तो म्हणाला, हां हां, कळलं.

ती गिरण मी कधी पाहिलेली नाही.