झोळीचा पक्षी

लिमात पाऊस पडत नाही.
मे महिन्यापासून समुद्रावरून नुसती ओल येते,
भिंतींना, उशांना, कागदाला धरते,
आणि ओतिलिया आसीन कातरायला बसण्याआधी
प्रत्येक कागदावरून इस्त्री फिरवते,
शाळेच्या गणवेशावरून फिरवावी तशी.

खाली भावाची खानावळ. आल्याचा, सोयासॉसचा वास
जिन्यानं वर येतो आणि लाल कागदात मुरतो.
तिची चित्रं विकत घेणारे
घरी नेऊन हुंगतात म्हणे.

आडनाव सांगताना ती जरा थांबते.
पणजोबा बोटीतून उतरले तेव्हा
कुणीतरी मागून 'आ सिंग' अशी हाक मारली असणार.
'आ' म्हणजे काही नाही, आपलं 'अरे'.
कारकुनानं हाकेसकट लिहून घेतलं.
चार पिढ्या झाल्या,
हे घर 'अरे' लावून सही करतं.

करारनामा तिच्याकडे आहे, म्हणजे त्याची नक्कल.
एका बाजूला स्पॅनिश, पाठीमागे चिनी:
आठ वर्षं, आठवड्याला एक पेसो,
वर्षाला दोन सदरे, एक घोंगडी.
तिला धड एकच बाजू वाचता येते.
कात्रीला दोन्ही सारख्याच.
इकडून 'पेसो'तला गोल काढला
तर तिकडे कुठलं अक्षर लंगडं झालं,
तिला कळत नाही.
ती कातरते, आणि कागद उलटा धरून
बघत बसते.

पक्षी मात्र तिला पाठ आहे.
आजोबांनी शिकवलेला, त्यांना त्यांच्या बापानं:
घडी तीनदा घालायची, मान एका दमात,
कात्री नाही, कागद फिरवायचा.
"सारस," आजोबा म्हणायचे, "आपल्या गावचा.
घरात लावला की आयुष्य वाढतं."
चोच जरा जड यायची,
खाली पिशवीसारखा फुगवटा.
पन्नास वर्षं तिनं तो फुगवटा
जपून, न चुकता कापला.

साठाव्या वर्षी ती त्या गावी जाऊन आली.
दोन विमानं, एक बस, दुभाष्या, पाठीचं दुखणं.
अंगणात बायका कात्र्या घेऊन बसल्या होत्या.
तिनं पक्षी पुढे ठेवला.
त्यांनी तो हातोहात फिरवला, उन्हाकडे धरला,
एकीनं चष्मा लावला, एकीनं काढला.
ताम युएत-हो नावाची म्हातारी हसायला लागली
ती थांबेचना.
दुभाष्या खाली बघत म्हणाला,
त्या विचारताहेत, याच्या गळ्यात ही झोळी कसली?
असला पक्षी आमच्याकडे नाही.

परतीच्या विमानात तिला ती बेटं आठवली,
लहानपणी पिस्कोच्या किनाऱ्यावरून
होडीत बसून लांबून पाहिलेली, पांढरीफटक.
पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर.
पणजोबा तिथेच फावडं मारत होते,
नाकाला फडकं बांधून, शेतांना खत हवं म्हणून,
कुणाच्या तरी, समुद्रापलीकडच्या.
आणि समोर कड्यावर दिवसभर
गळ्यात झोळ्या घेऊन पाणकोळी बसलेले.
मनात सारसच असणार त्यांच्या.
बोटं समोरचं शिकत होती.

"रडलीस?" मी विचारलं.
"जेवणाचा ट्रे आला होता," ती म्हणाली.
आवाज कातर नव्हता.
हातातली कात्री चालूच होती.

यंदाच्या नव्या वर्षाला खानावळीच्या दारात
तिनं तोच पक्षी लावला, हातभर मोठा.
पंख जाळीदार, शेपटी जाळीदार,
झोळी मात्र कोरलीच नाही.
अख्खी ठेवली, लाल, भरीव.
शेजारचा इलेक्ट्रिशियन सूप न्यायला आला.
"बदक?"
"सारस," भाऊ गल्ल्यावरून म्हणाला, "आमच्या गावचा."
"कुठलं गाव?"

ओतिलिया स्टुलावर उभी होती,
ओठांत चार टाचण्या.
तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.
पंख्याच्या वाऱ्यानं एक कोपरा फडफडत होता,
तो तिनं आधी दाबला.